कप्तान झंझावातचे विषम अंक

४ जानेवारी

प्रिय सम,

आज टपालाने आलं ते असं: कॉमिक्स संमेलनाचं जाड पाकीट एक. त्यात प्रवेशाचे बिल्ले तीन, अर्ध्या टेबलाची पावती आणि नियमांचं पत्रक. बिल्ल्यांचे दीडशे, अर्ध्या टेबलाचे दोनशे. पूर्ण टेबल साडेतीनशेला पडत होतं, पण आपण काही दुकान थाटायला चाललेलो नाही. पारदर्शक पिशव्यांचा गठ्ठा साठ रुपयांना. पिशवीत अंकामागे घालायचे पुठ्ठे मी बुटांच्या खोक्यांतून कापले, ते फुकट. टपालवाल्याने विचारलं, "काकू, एवढं काय मागवलंत?" मी म्हटलं, "लग्नपत्रिका." मग दिवसभर खोटं बोलल्याची रुखरुख लागली, तेव्हा संध्याकाळच्या प्रार्थनेत देवाला खरं काय ते सांगून टाकलं.

तर सम, आपलं जमलं. तुझा बिल्ला या पत्रात घातला आहे. हरवू नकोस.

अर्जात एक प्रश्न होता, "संग्रह कसा जमवला?" आणि खाली फक्त चार ओळी. माझं काय चार ओळींत भागणार? कागद जोडला. लिहिलं ते असं: "आम्ही दोघी बारा वर्षांच्या होतो. 'कप्तान झंझावात' मासिकाच्या शेवटच्या पानावर पत्रमैत्रीचा कोपरा असे, तिथे मला या मैत्रिणीचा पत्ता सापडला. दर महिन्याला अंक घ्यायला दोघींच्याही घरून पैसे मिळत नसत. म्हणून ठरवलं, विषम आकड्याचा अंक मी घ्यायचा आणि सम आकड्याचा तिने. वाचला की दुसरीला पाठवायचा, तिने वाचून परत करायचा. त्यावरून मी विषम आणि ती सम. पत्राला तिकीट जास्त लागतं आणि छापील कागदाचं बुकपोस्ट स्वस्त, म्हणून आमची पत्रं आम्ही अंकाच्या समासात पेन्सिलीने लिहायचो. बुकपोस्टात पत्र घालणं नियमात बसत नाही, म्हणून मी पहिल्या पानावर शाईने देवाचं नाव लिहीत असे, म्हणजे तो सांभाळून घेईल. त्याने घेतलं. मासिक ऐंशीव्या अंकाला बंद पडलं. आमचं लिहिणं चालू आहे."

हे म्हणाले, "अर्ज आहे की आत्मचरित्र?" म्हणू देत.

सगळे ऐंशी अंक एका जागी येतील तेव्हाच एकमेकींची तोंडं बघायची, तोवर फोटो नाही, फोनवर आवाज नाही, ही शपथ मात्र अर्जात लिहिली नाही. ती आपली आपल्यात.

तिथे मधोमध एक मोठं टेबल असतं. त्यावर फक्त संपूर्ण संच मांडू देतात. तिथे आपले मांडायचे. आता एक सांगते, राग मानू नकोस. माझे सगळे खाकी कव्हरात आहेत. तुझी तऱ्हा मला ठाऊक आहे, चिंध्या आणि अंक एकाच पेटीत. कान दुमडलेले, पानं सुटलेली असे अंक घेऊन आलीस तर चार लोकांत माझी मान खाली जाईल. ते जरा नीटनेटके करून आण.

तुझी,
विषम

*

१५ जानेवारी

विषमबाई,

बिल्ला मिळाला. हुकूमही मिळाला. तू माझी सासू झाली असतीस तर मी माप ओलांडायच्या आधीच मागे फिरले असते.

चिंध्या म्हणू नकोस, त्यांना कातरण म्हणतात. त्याच कातरणांवर दोन पोरं वाढवली मी. मशीन अजून चालतं, गुडघे चालत नाहीत, एवढाच फरक. सून म्हणते, आता पुरे करा. मी म्हणते, गिऱ्हाईक पुरे म्हणेल तेव्हा करीन.

तुझं पत्र वाचून पेटी उघडली. खरं सांगायचं तर तू म्हणतेस त्याहून वाईट दशा आहे. चाळिसाव्या अंकाच्या टाचण्या गंजल्यात, बावन्नचं कव्हर लोंबतंय, आणि अठरावर मी कधीतरी इस्त्री ठेवलेली दिसते. पण तू घाबरू नकोस. मी एक बेत केलाय. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक चांगला कारागीर आहे, त्याच्या हाती देणार आहे सगळे. काय करणार ते विचारू नकोस, तिथेच बघ. तुझी खाकी कव्हरं माझ्यापुढे पाणी भरतील.

एकच सांग, तुला अजून मोरपंखी रंग आवडतो ना?

गाडीचं बघते. मला झोपच येईनाशी झालीय बघ. पन्नास वर्षं तुझा चेहरा मनातल्या मनात काढतेय. नाक मी सरळ काढलंय. नकटी असलीस तर आत्ताच सांग.

सम

*

२७ जानेवारी

प्रिय सम,

नाक सरळ आहे. मोरपंखी आवडतो. पण रंगाशी काय करते आहेस तू? मला असल्या गुपितांनी धड बसवत नाही. सकाळपासून तीनदा कपाट लावलं आणि तीनदा काढलं. हे म्हणतात, परीक्षेला बसल्यासारखी करतेस.

भेटायचं ठरवून टाकू. दाराच्या आत डाव्या हाताला घड्याळ आहे, पत्रकात नकाशा दिलाय. त्याखाली मी पहिला अंक छातीशी धरून उभी राहीन. तुझा दुसरा अंक तू धर. म्हणजे कुणाला विचारायला नको.

संयोजकांचा फोन आला होता. मुलगी गोड बोलते. म्हणाली, "काकू, समासात लिहिलेलं असलं की किंमत पडते बरं का, आधीच सांगून ठेवते." मी म्हटलं, "बाळ, समासात लिहिलंय म्हणून तर मी जपलेत." तिला कळलं नसावं, पण "हो हो" म्हणाली.

आता मनातलं सांगते. तुझा अठ्ठ्याहत्तरावा अंक आठवतो? माझं लग्न ठरलं त्या आठवड्यात तो माझ्याकडे वाचायला आला होता. परत पाठवताना मी समासात बरंच लिहिलं होतं, खालच्या बाजूला, पानामागून पान. काय लिहिलं ते मला आठवत नाही. मॅट्रिक होऊन वर्ष झालं होतं, घरात पाहुण्यांची वर्दळ होती, आणि मी माडीच्या जिन्यात बसून लिहीत होते एवढंच दिसतं. आईला सांगितलं नाही, बहिणीला नाही, ते तिथे लिहिलं होतं. पुढे संसारात इतकं काही झालं की ती मुलगी मला आता परक्या घरातली वाटते. काय होतं तिच्या मनात? गेल्या महिन्यापासून हे डोक्यातून जातच नाही. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना, प्रार्थनेला बसले तरी तेच.

संमेलन, टेबल, मधला संच हे सगळं खरं. पण सम, मी येते आहे ती अठ्ठ्याहत्तराव्या अंकासाठी. तो सगळ्यांत वर ठेव. आणि मी वाचायच्या आधी कुणाला दाखवू नकोस.

गाडी कितीची ते कळव.

विषम

*

९ फेब्रुवारी

विषम,

माझं येणं होत नाही. पाठ धरली आहे. टेबल तू एकटीच मांड. सम अंकांचं काही विचारू नकोस.

तुझी इच्छा पुरी करू शकत नाही याचं वाईट वाटतं.

सम

*

१६ फेब्रुवारी

सम,

कार्ड मिळालं. कार्डावर लिहिलंस, पाकीटसुद्धा नाही. टपालवाल्याने वाचून दारातच विचारलं, "कुणाची पाठ धरली?"

पाठ धरली तर माणूस लिहितं, कशाने धरली, काय लावलं, डॉक्टर काय म्हणाले. तू गुडघ्यांवर मागे दोन पानं लिहिली होतीस. पाठीला एक ओळ? आणि पाठ धरली तर अंक कुणाच्या हाती पाठवता येत नाहीत? पार्सल करता येत नाही? "काही विचारू नकोस" हे पाठदुखीचं बोलणं नव्हे.

काल संयोजकांकडून विक्रीच्या मालाची यादी आली. त्यात काय आहे ऐक. "कप्तान झंझावात, सुटे अंक, ३२, ४४, ५६, ७८." सगळे सम. एकही विषम नाही. जगात सगळे सोडून फक्त सम अंक कुणाकडे असतात, ते मला ठाऊक आहे आणि तुलाही.

गरज पडली असेल तर मला का नाही सांगितलंस? मी काय नाही म्हणाले असते? पण मी अठ्ठ्याहत्तराव्यासाठी तुझ्यापुढे मन उघडं केलं, आणि पंधरा दिवसांत तो यादीत? तुला कागद दिसला, त्यावरची मी दिसले नाही?

मी जाणार आहे. घड्याळाखाली उभी राहणार नाही. त्या विक्रेत्याकडे जाईन आणि माझ्याच हातचं लिहिलेलं विकत घेईन, कितीही सांगो.

उत्तर देऊ नकोस.

विषम

*

४ मार्च

प्रिय सम,

उत्तर देऊ नकोस म्हटलं आणि तू खरंच दिलं नाहीस. आता मीच लिहिते, कारण माझी चूक झाली आहे आणि ती कळल्यापासून घास गोड लागत नाही.

संमेलन झालं. सगळं सांगते, नाहीतर मला सुचायचं नाही.

दारातच एकाचे पंख अडकले होते. खरंच, पुठ्ठ्याचे पंख, दोन्ही बाजूंना हात हात लांब. मागे ही रांग. हे पुढे झाले आणि म्हणाले, "बाबा रे, आडवा हो," आणि त्याला आडवा करून आत ढकलला. आत सगळी तरणी पोरं, कॉमिक्समधली सोंगं घेऊन आलेली, मुखवटे, टोप्या, कुणी अंगभर चांदीचा कागद गुंडाळलेला. तो चांदीवाला दिवसभर ह्यांच्या शेजारी बसून चहा पीत होता. नळदुरुस्तीचं काम करतो म्हणे. ह्यांची नोकरी पाणीखात्यातली, मग काय, दोघांच्या गप्पांना खळ नाही.

आमचं अर्धं टेबल मागच्या भिंतीशी. मी घरचीच चादर कापून टेबलाला अभ्रा शिवला होता. त्यावर अंक मांडले, एक, तीन, पाच असे, आणि मध्ये मध्ये तुझ्या अंकांच्या रिकाम्या पिशव्या. का ठेवल्या म्हणशील तर माहीत नाही. रागात होते, तरी जागा सोडून मांडवेना. जो येईल तो विचारायचा, "मधले कुठे आहेत?" मी म्हणायचे, "मैत्रिणीकडे." "मग मैत्रीण कुठे आहे?" विचारलं की मी पिशव्या सरळ करायला लागायचे.

समोरच्या टेबलवाला मोठा जाणकार. पातळ हातमोजे घालून, भिंग लावून बघतो. माझा पहिला अंक बघून म्हणाला, "काकू, वर शाईने काय लिहिलंय?"

"देवाचं नाव."

"त्याने किंमत काही वाचत नाही हो. डागी माल झाला हा."

मी म्हटलं, "देवाच्या नावाला डाग म्हणणारे तुम्ही पहिलेच. आणि विकायला कुणी आणलाय?"

"मग टेबल कशाला घेतलंत?"

तो काही वाईट माणूस नव्हता. पण दिवसभर तो प्रश्न मला बोचत राहिला.

मग धीर करून त्या यादीवाल्या विक्रेत्याकडे गेले. अठ्ठ्याहत्तरावा अंक मागितला. त्याने पिशवीतून काढून पानं उलटून दाखवली. सम, समास कोरे होते. कुणी पेन्सिल टेकवलेली नाही, कुणी वाचलेलासुद्धा वाटत नव्हता. तो सांगत होता, "एकदम स्वच्छ प्रत." तो तुझा नव्हता. त्याला विचारलं तर कुठलंसं दुकान बंद पडलं तेव्हाचा उरलेला साठा, विषम आधीच विकले गेले होते, एवढीच गोष्ट. आणि मी तुला काय काय लिहून बसले!

मी तो घेतला नाही. माझं काही नव्हतं त्यात.

परत टेबलावर येते तर एक बाई उभी होती. आपल्याच वयाची, जांभळा स्वेटर, हातात जड कापडी पिशवी. तेवढ्या गर्दीत साध्या कपड्यांतलं माणूस बघून बरं वाटलं. तिने आधी टेबलाच्या अभ्र्याची कड चिमटीत धरून पाहिली आणि म्हणाली, "ही टीप घाईत मारलीय." मी म्हटलं, "मीच मारलीय." तर हसली, एक सुटलेला दोरा दाताने तोडला आणि मग अंक बघायला लागली. एकेचाळिसावा उघडला. कप्तानाचा लंगडा बोकड तोफेत अडकतो ना, तो. पान उलटायच्या आधीच हसायला लागली. मला वाटलं, चला, कुणीतरी वाचणारं भेटलं.

मी तिला खुर्ची दिली आणि, काय सांगू, मन मोकळं केलं. नाव सांगितलं नाही, पण सगळं सांगितलं. मैत्रीण येणार होती, ऐनवेळी पाठ धरली म्हणाली, म्हटलं. ती म्हणाली, "धरली असेल." मी म्हटलं, "अहो, तिला मी ओळखते. पन्नास वर्षांत तिने माझ्यापासून काही लपवलं नाही. आता काहीतरी लपवतेय, आणि मला त्याचाच त्रास होतोय." ती समासातली अक्षरं बघत राहिली, बोट न लावता.

तेवढ्यात समोरच्याने एक बांधीव खंड वर धरला आणि शेजाऱ्याला दाखवून म्हणाला, "हे बघ, बाइंडरकडे दिलेत. कव्हरं गेली, समास कापले. असल्या लोकांना अंक म्हणजे काय हेच कळत नाही." मी पण चेवात होते. म्हटलं, "असल्यांच्या हाती छापील कागदच देऊ नये." बाईने पिशवी पायाशी ठेवली होती ती उचलून मांडीवर घेतली. थोड्या वेळाने "येते" म्हणून उठली. मला चुकचुकल्यासारखं झालं, कारण तिचा चेहरा अगदीच उतरला होता. मी तिला डब्यातलं बिस्कीट दिलं आणि बाहेर वारा आहे, कान झाकून घ्या म्हटलं.

संध्याकाळी आवरताना तुझ्या रिकाम्या पिशव्या एकेक गोळा केल्या. टाकून द्याव्यात तर हात होईना. त्या तशाच ठेवल्यात.

सम, मी तुझ्यावर नाही तो आळ घेतला. रोज देवापुढे बसते तेव्हा तोंडातून दुसरं काही निघत नाही. पण मला एवढं सांग, झालं तरी काय? अंक नसले तर नसू देत. तू आहेस ना नीट?

विषम

*

११ मार्च

विषम,

तू दिलेलं बिस्कीट अजून माझ्या पिशवीत आहे. खाल्लं नाही.

आता वाच, आणि मध्येच पत्र ठेवून उठू नकोस. तुझी ती सवय मला तुझ्या पत्रांतूनसुद्धा कळते.

जांभळा स्वेटर माझाच. बिल्ला आत खोचला होता, तू बघू नयेस म्हणून. पाठ बरी होती. पिशवीत तुला द्यायला म्हणून आणलेले दोन खंड होते, मोरपंखी कापडी पाठीचे, वर सोनेरी अक्षरांत "सम".

तू नीटनेटके करून आण म्हणालीस. मी अंक बाइंडरकडे दिले. चांगला माणूस आहे, शाळेच्या वह्या, कचेऱ्यांची दप्तरं बांधतो. मी म्हटलं, "सुंदर करून दे, माझ्या मैत्रिणीला दाखवायचेत." त्याने केले. आठ दिवसांनी गेले तर दोन्ही खंड विटांसारखे चौकोनी, कडा गुळगुळीत. मी उघडला. चित्रं होती, बोकड होता, कप्तान होता. आपण नव्हतो.

त्याने बिचाऱ्याने दाखवलं, यंत्रात घालून तिन्ही बाजू सरळ केल्या, आणि "कुणीतरी पोरांनी रेघोट्या मारल्या होत्या त्याही गेल्या" म्हणाला, मोठ्या समाधानाने. कव्हरं केव्हाच टाकली होती. खाली पायाशी पट्ट्यांचा ढीग होता. मी तिथेच बसले आणि ओंजळीने उचलत सुटले. घरी आणून जुळवायला बसले, जुळेनात. एका पट्टीवर "ऐक ना" एवढंच आहे. तुझं अक्षर. पुढे काय ते नाही.

कापड कापताना कडेला शिवणीपुरती माया ठेवून कापावं, हे जन्मभर पोरींना शिकवलं मी. त्याला सांगायचं तेवढं राहिलं.

आणि त्याच दिवशी घरी आले तर तुझं पत्र येऊन पडलेलं. अठ्ठ्याहत्तरावा सगळ्यांत वर ठेव म्हणून. आता सांग, कार्डावर दुसरं काय लिहिणार होते मी?

तुझं रागाचं पत्र आलं तेव्हा मला बरंच वाटलं. म्हटलं, चोर समजते ते परवडलं. पण संमेलनाच्या दिवशी घरात बसवेना. गाडी पकडली. समोर उभं राहायचं, खंड टेबलावर ठेवायचे आणि तू बोलशील ते ऐकायचं, असं ठरवून आले होते. तुझं टेबल शोधलं. रिकाम्या पिशव्या बघितल्या, माझ्या जागेच्या. तरी सांगणारच होते गं. तेवढ्यात तो समोरचा बोलला आणि तू त्याची री ओढलीस. मी पिशवी उचलून मांडीवर घेतली.

आता अठ्ठ्याहत्तरावा. समास गेला तो गेला. पण तुला काय वाटलं, तू लिहिलेलं मी एकदा वाचून पेटीत टाकलं असेल? नवरा गेला त्या वर्षी मशीनवर बसून रोज तेच म्हणत होते. मला पाठ आहे. ऐक.

"पाहुणे येऊन गेले. ठरलं. माणूस बरा दिसतो, फारसा बोलत नाही. मला काय काय येतं ते सगळ्यांनी विचारलं. मी काय वाचते ते कुणी विचारलं नाही. मी हो म्हटलंय आणि मला रडू येत नाहीये, याचीच भीती वाटते. पुढच्या अंकापासून पत्ता बदलेल. मी बदलले तर मला सांग. तिथे ते कुणाच्या लक्षात येणार नाही, माझ्याही नाही. तुझ्या येईल."

एवढंच होतं. शेवटी बोकडाचं चित्र काढलं होतंस, ते मात्र मला काढता येत नाही.

तेव्हा मी उत्तर दिलं नव्हतं. आता देते. मी तुला बघून आलेय, चांगली तासभर. अनोळखी बाईला खुर्ची दिलीस, बिस्कीट दिलंस आणि कान झाकून घ्या म्हणालीस. तुझा तिसरा अंक काढून बघ, सातव्या पानाचा खालचा समास. तेव्हा आपली ओळख होऊन दोन महिनेसुद्धा झाले नव्हते.

बदलली नाहीस.

शपथ मोडली की नाही, ते तू ठरव. मी तुझं तोंड बघितलं, तू माझं बघितलंस, पण ते मी आहे हे तुला ठाऊक नव्हतं. नाक सरळ आहे हे खरं.

सम

*

१७ मार्च

प्रिय सम,

पत्र मध्येच ठेवून उठले. तिसरा अंक काढायला उठले म्हणून चालतं. सातव्या पानाखाली आहे, "तुमच्याकडे थंडी फार असेल तर कान झाकून शाळेत जा." केवढं वाकडंतिकडं अक्षर! मी जमिनीवर बसले ते बसलेच. हे आले, म्हणाले, काय झालं? मी त्यांना पत्र वाचून दाखवलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे मी बोलत नाही, हे तू लग्नाआधीच लिहून ठेवलं होतंस?" मग विचारलं, "तेव्हा काय वाचायचीस तू?" मी पहिला अंक त्यांच्या हातात दिला. आता नवव्यापर्यंत आलेत. मधले नाहीत म्हणून कुरकुरतात.

बाइंडरला काही बोलू नकोस. नीटनेटके कर म्हणणारी मी. मीच म्हटलं, असल्यांच्या हाती कागद देऊ नये आणि समोर तू बसलेली. हे आठवलं की हातातलं भांडं ठेवून मी खोलीभर फिरून येते. कालपासून निदान दहा वेळा फिरले असेन.

शपथेचं मी ठरवलं. सगळे अंक एका जागी आले तर तोंड बघायचं, असं म्हटलं होतं. ते कशा स्थितीत असावेत असं काही म्हटलेलं नव्हतं. मी माझे विषम घेऊन तुझ्याकडे येते. मधल्या टेबलावर ठेवू देत नाहीत तर तुझ्या शिवणाच्या मशीनवर ठेवू. रिकाम्या पिशव्याही आणते, त्यांत तुझ्या त्या पट्ट्या घालू. "ऐक ना" सगळ्यांत वर. आणि वहीचे कोरे कागद लांब लांब कापून ठेवलेत, समासाएवढे. तुला जे जे पाठ आहे ते तू सांग, मी पेन्सिलीने लिहीन, आणि तुझ्या मोरपंखी खंडांत एकेका पानाला चिकटवत जाऊ. खळ घरची आणते. समोरच्या टेबलवाल्याला कळलं तर त्याला चक्कर येईल. येऊ दे. बोकड मी काढीन.

पुढच्या शनिवारच्या सकाळच्या गाडीने निघते. हेही येतात, अंक दहा बघायचाय म्हणतात. स्टेशनवर तू आलीस तर बरं, पण गुडघ्यांना जमत नसलं तर तिथून घर कसं गाठायचं ते लिही. आणि एक. मागच्या खेपेला तासभर समोर बसलेली तू मला ओळखू आली नाहीस. पुन्हा तसं व्हायला नको. त्या दिवशी कोणत्या रंगाचा स्वेटर घालणार आहेस, ते उलट टपाली कळव.

तुझी,
विषम